जुनाट कंबरदुखीची पारख

मराठी भाषेंत माणसाच्या धैर्याची मोजदाद कमरेवरून होते. कामाला लागणारा कंबर कसतो, झुंजणारा कंबर बांधतो आणि ज्याची उमेद गेली त्याची कंबर खचली असें म्हणण्याची रीत आहे. परंतु ज्यांची कंबर खरोखरीच वर्षानुवर्षें दुखत असते, त्यांना ह्या वाक्प्रचारांत अलंकार दिसत नाहीं. सकाळीं अंथरुणांतून उठणें, न्हाणीघरांत वाकून तांब्या उचलणें, आगगाडींत तासभर उभें राहणें, नातवाला कडेवर घेणें, ह्या ज्या गोष्टी निरोगी माणसाकडून नकळत होऊन जातात, त्यांतील प्रत्येकीचा अशा माणसाला आधीं हिशेब करावा लागतो. अशीं माणसें थोडींथोडकीं नाहींत. २०२० सालीं साऱ्या जगांत सुमारें ६१ कोटि ९० लक्ष लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. आणि माणसाला अधू करून ठेवणाऱ्या कारणांत कंबरदुखीचा क्रमांक पहिला लागतो.

वजन उचलतांना अचानक उसण भरली, चार दिवस हालतां येईना, पुढें पंधरवड्यांत सारें ठीक झालें, हा अनुभव बहुतेक घरांत कोणाला ना कोणाला असतोच. त्याचा येथें विचार नाहीं. तीन महिने उलटून गेले तरी जी कंबरदुखी हटत नाहीं, तिला वैद्यकांत जुनाट म्हणतात. अशा रोग्याचा डॉक्टरापुढें येऊन बसेपर्यंत बराच प्रवास झालेला असतो. काखेंत क्ष-किरणांच्या फोटोंची व एम. आर. आय. च्या चित्रांची जाड पिशवी असते. तेलें, लेप, पट्टे, मालीश, वजनें लावणें हें सर्व करून झालेलें असतें. आणि प्रत्येक ठिकाणीं निराळें निदान ऐकून मनाचा गोंधळ उडालेला असतो. ‘फोटो पाहा आणि काय तें सांगा,’ असें म्हणून तो ती पिशवी टेबलावर ठेवतो. येथेंच पहिली परीक्षा होते, आणि ती रोग्याची नसून डॉक्टराची असते. जाणता डॉक्टर ती पिशवी बाजूला सारून ‘आधीं तुमची हकीगत सांगा’ असें म्हणतो. आणि रोग्याला वाटतें, हे टाळाटाळ करीत आहेत!

रोग्याचा हा समज अगदींच निराधार नाहीं. १८९५ सालीं राँटगेन ह्या जर्मन शास्त्रज्ञानें क्ष-किरणांचा शोध लावल्यापासून शरीराच्या आंतलें दिसूं लागलें, आणि जें बिघडलेलें दिसतें तेंच दुखत असलें पाहिजे ही समजूत सहजच रूढ झाली. पुढें १९३४ सालीं बोस्टन येथील मिक्स्टर व बार ह्या दोन शस्त्रवैद्यांनीं एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. कमरेचे पांच मणके एकावर एक रचलेले असतात आणि दर दोहोंच्या मध्यें एक चिवट, लवचिक चकती असते. हिलाच लोक गादी म्हणतात. ह्या चकतीच्या कडेला चीर पडून आंतला मऊ गर बाहेर आला व त्यानें शेजारच्या मज्जातंतूचें मूळ दाबलें, तर पायांत कळ जाते, हें त्या दोघांनीं शस्त्रक्रियेच्या आधारें दाखवून दिलें. शोध खरा होता आणि त्यामुळें असंख्य लोकांचे पाय मोकळे झाले. परंतु त्याच्या यशानें एक अनर्थहि केला. पायांत जाणाऱ्या एका विशिष्ट कळेचें जें कारण होतें, तेंच हळूहळू प्रत्येक कंबरदुखीचें कारण म्हणून सांगितलें जाऊं लागलें. ‘गादी सरकली’, ‘मणक्यांत गॅप आली’ हीं वाक्यें आज घरोघर ऐकूं येतात. वस्तुतः गादी सरकत नाहीं. ती वरच्या व खालच्या मणक्यांना इतकी घट्ट चिकटलेली असते कीं, चळतींतील एखादी बशी सरकावी तशी ती सरकणें शक्यच नसतें. आणि गॅप म्हणून जें सांगतात तें बहुधा नेमकें उलट असतें. वयोमानानें चकतींतील पाणी कमी होऊन दोन मणक्यांमधील अंतर वाढलेलें नसून घटलेलें असतें.

चित्रांत दिसणारा दोष आणि प्रत्यक्ष दुखणें ह्यांचा मेळ कितपत बसतो, हें पाहणारें एक साधें पण मार्मिक संशोधन १९९४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. कंबर मुळींच दुखत नसलेल्या ९८ लोकांच्या कमरेचीं एम. आर. आय. चित्रें काढण्यांत आलीं. त्यांपैकीं शेंकडा ५२ लोकांची एक तरी चकती फुगलेली आढळली. शेंकडा २७ लोकांत ती त्याहिपेक्षां पुढें डोकावत होती. आणि ज्यांच्या सर्व चकत्या निर्दोष होत्या असे लोक निघाले अवघे शेंकडा ३६. पुढें २०१५ सालीं अशाच तीन हजारांहून अधिक धडधाकट लोकांच्या चित्रांचा एकत्र विचार झाला, तेव्हां विशीच्या सुमारास शेंकडा ३७ आणि ऐंशीच्या सुमारास शेंकडा ९६ लोकांच्या चकत्यांत झीज असते असें दिसून आलें. म्हणजे रोग्याच्या अहवालांत जो दोष ठळक अक्षरांत लिहिलेला असतो, तोच त्याला सोबत म्हणून आलेल्या, कधींहि कंबर न दुखलेल्या भावाच्या चित्रांतहि असण्याचा संभव पुष्कळ. ज्यांची कंबर दुखते त्यांच्यांत ह्या खुणा कांहींशा अधिक आढळतात, हें खरें. परंतु समोर बसलेल्या एका माणसापुरता त्यावरून निकाल देतां येत नाहीं. केस पिकले म्हणून डोकें दुखतें असें कोणी म्हणत नाहीं. मग चकती सुकली म्हणून कंबर दुखते असें इतक्या सहजपणें कां म्हणावें?

ह्या घाईचा अपाय केवळ पैशापुरता असता तर तो सोसतां आला असता. पण ‘तुमचा कणा झिजला आहे, जपून राहा’ हें वाक्य ज्याला ऐकावें लागतें, त्याच्या आयुष्याची दिशा त्यानें बदलते. चाळिशींतील एखादी शिक्षिका आधीं वाकणें सोडते, मग बाजारांत जाणें, मग वर्गांत उभें राहून शिकवणें. वापर नसल्यामुळें स्नायु दुबळे होतात, थोड्याशा हालचालीनेंहि दुखूं लागतें, आणि डॉक्टरांनीं सांगितलें तें खरेंच ठरलें असें तिला वाटतें. न्यूझीलंडांत रोग्यांच्या प्रदीर्घ मुलाखती घेऊन २०१३ सालीं जें संशोधन प्रसिद्ध झालें, त्यांत डॉक्टरांच्या तोंडून सहज गेलेले असे शब्द रोग्यांच्या मनांत वर्षानुवर्षें घर करून राहिल्याचें आढळलें.

तर मग चित्रें काढूंच नयेत काय? तसें म्हणणें ही पहिलीपेक्षांहि मोठी चूक होईल, आणि आपल्या देशांत तर ती जिवावर बेतेल. १७७९ सालीं लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट ह्यांनीं कण्याला कुबड येऊन पाय लुळे पडण्याच्या एका रोगाचें वर्णन केलें. तो रोग म्हणजे मणक्याचा क्षय. जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें एक चतुर्थांश भारतांत आहेत; त्यामुळें युरोप-अमेरिकेंतील पाठ्यपुस्तकांत जो रोग तळटीपेंत जातो, त्याचा विचार पुण्यामुंबईच्या डॉक्टराला रोजच्या कामांत ठेवावा लागतो. हा क्षय हळू पावलांनीं येतो. पुष्कळदां खोकला नसतो. ताप असला तरी अंगावर काढण्याइतका बारीक. मात्र दुखणें आडवें पडूनहि जात नाहीं, रात्रीं ठणकतें, भूक मंदावते, वजन उतरतें, संध्याकाळीं कणकण येते आणि पाठ लांकडासारखी ताठ होते. लहान मुलाच्या बाबतींत जुन्या डॉक्टरांची एक युक्ति आहे. जमिनीवर एक नाणें टाकून तें उचलावयास सांगतात. ज्याचा कणा रोगानें धरला आहे तें मूल पाठ वाकवीत नाहीं. गुडघे मोडून, पाठ ताठ ठेवून खालीं बसतें आणि मग तें नाणें उचलतें. एवढ्याशा खेळांत जें कळतें, तें क्ष-किरणांच्या फोटोंत पुष्कळदां उशिरां दिसतें, कारण हाडाचा बराच अंश नाहींसा झाल्यावांचून फोटोंत फरक पडत नाहीं. एम. आर. आय. मध्यें तो फार आधीं दिसतो, आणि औषधें वेळेवर सुरू झालीं तर बहुतेक रोगी शस्त्रक्रियेवांचून बरे होतात. ज्या चित्रानें त्या शिक्षिकेला विनाकारण घरीं बसवलें, तेंच येथें पाय वांचवतें.

चित्र काढावें कीं नाहीं, हा प्रश्न अशा रीतीनें चित्रापूर्वींच सोडवावा लागतो, आणि तो हकीगतीनें सुटतो. पूर्वीं कधीं कर्करोग झाला होता काय? कारणावांचून वजन घटलें आहे काय? ताप येतो काय? मधुमेहासारख्या रोगानें किंवा एखाद्या औषधानें प्रतिकारशक्ति क्षीण झाली आहे काय? दम्यासाठीं किंवा संधिवातासाठीं स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या आहेत काय? वयस्क स्त्रीच्या बाबतींत नुसतें घसरणें, किंवा वाकून बादली उचलणें, एवढ्यानेंहि ठिसूळ झालेला मणका दबून मोडूं शकतो, म्हणून तेंहि विचारावें लागतें. ह्या प्रश्नांना घाबरून जाण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंत १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत पाठदुखीसाठीं आलेल्या १,९७५ रोग्यांपैकीं कर्करोग निघाला तो फक्त तेरांना. आणि सर्व प्रश्नांत अधिक बोलका ठरला तो ‘पूर्वीं कर्करोग झाला होता काय’ हा साधा प्रश्न. उलट ‘रात्रीं दुखतें’ ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे कीं, तिच्या एकटीवरून कांहींच ठरत नाहीं. एका खुणेवर भिस्त न ठेवतां अनेक खुणा एकमेकींजवळ ठेवून पाहाव्या लागतात.

तरुणांच्या बाबतींत आणखी एक प्रश्न चुकवूं नये: विश्रांतीनें बरें वाटतें कीं हालचालीनें? सामान्य कंबरदुखी दिवसभराच्या श्रमानें वाढते आणि पाठ टेकली कीं निवते. पण विशी-तिशींतील एखाद्या तरुणाची कंबर पहांटे दुखून त्याला जाग येते, सकाळीं उठल्यावर अर्धा-पाऊण तास ती आखडलेली असते, आणि चार फेऱ्या घातल्या, व्यायाम केला, कीं मोकळी होते. असें महिनोन् महिने चाललें असेल तर तो कण्याला सुजवून ताठ करणारा संधिवात असण्याचा संभव असतो. अशा तरुणाला मधूनच डोळा लाल होऊन दुखल्याचेंहि आठवतें, पण डोळ्याचा आणि कमरेचा कांहीं संबंध असेल हें त्याच्या स्वप्नींहि नसल्यानें विचारल्यावांचून तो सांगत नाहीं. पुष्कळदां ह्या रोगाचें निदान होण्यास वर्षें लागतात, आणि तोंवर त्याला सल्ला मिळतो तो नेमका विश्रांतीचा, म्हणजे जी गोष्ट त्याला मानवत नाहीं तिचाच.

हकीगत संपली म्हणजे तपासणी. ती सदऱ्यावरून करावयाची नसते. पाठ उघडी पाहावी लागते. पण डोळस डॉक्टराची तपासणी रोगी दारांतून आंत येतो तेव्हांच सुरू झालेली असते: तो चालतो कसा, खुर्चींतून उठतांना हात टेकतो काय, बोलण्याच्या भरांत सहज वळतो काय. मग त्याला टांचांवर व चवड्यांवर चालावयास सांगतात; टांचांवर पाऊल उचलून धरतां आलें नाहीं किंवा एका चवड्यावर उभें राहतां आलें नाहीं, तर कोणत्या मणक्यापाशीं मज्जातंतु अडचणींत आहे ह्याचा अंदाज येतो. पायाच्या अंगठ्याची ताकद, गुडघ्याचा व घोट्याचा झटका, कोठें बधिरपणा आहे तें टांचणीच्या टोकानें पाहणें, ह्या सर्वांना मिळून दहा मिनिटें पुरतात. कणा किती वाकतो हें मोजण्यासाठीं शोबर ह्या जर्मन डॉक्टरानें १९३७ सालीं सांगितलेली रीत अजून वापरांत आहे. तिच्या सुधारलेल्या प्रकारांत कमरेच्या दोन खळग्यांच्या रेषेपासून वर दहा व खालीं पांच सेंटिमीटरांवर खूण करतात. पुढें पूर्ण वाकल्यावर पंधरा सेंटिमीटरांचें हें अंतर निरोगी माणसांत वीसपर्यंत जातें. ताठ होत चाललेल्या कण्यांत तें जात नाहीं. शिंप्याच्या टेपाहून अधिक साहित्य ह्याला लागत नाहीं.

पाय सरळ ठेवून उचलण्याची चाचणी सर्वांत प्रसिद्ध. ती फ्रेंच वैद्य लासेग ह्यांच्या नांवानें ओळखली जात असली, तरी ती लिहून ठेवली त्यांच्या फॉर्स्ट ह्या शिष्यानें १८८१ सालच्या आपल्या प्रबंधांत. आणि त्याच्याहि एक वर्ष आधीं सर्बियाचे डॉक्टर लाझारेविच ह्यांनीं तिचें वर्णन केलें होतें. हे लाझारेविच आपल्या देशांत कथालेखक म्हणूनहि तितकेच नामांकित आहेत. आपल्याकडे सुश्रुतसंहितेंत गृध्रसी नांवाच्या रोगाचें लक्षण सांगतांना, त्यांत पाय उचलण्यास अटकाव होतो असें म्हटलेलें आहेच. रोग्याला उताणें निजवून, गुडघा न वाकवतां, पाय सावकाश वर नेतात. साधारण तीस ते सत्तर अंशांच्या दरम्यान गुडघ्याखालीं वीज गेल्यासारखी कळ उतरली, तर मज्जातंतूचें मूळ चिडलें आहे असें समजतात. मांडीच्या मागें नुसता ताण बसणें हा पुरावा नव्हे. तो खुर्चींत बसून काम करणाऱ्या कोणालाहि बसतो. उलट, चांगला पाय उचलला असतां दुखऱ्या पायांत कळ गेली, तर ती साक्ष अधिक भरंवशाची.

ह्या सर्व चौकशींत एक प्रश्न असा आहे कीं, तो विचारतांना डॉक्टर व देतांना रोगी, दोघेहि संकोचतात. पण तो टाळणें हा गुन्हा होईल. लघवी झाल्याचें समजतें काय? खोगिरावर बसल्यावर जो भाग टेकतो, तेथें स्पर्श कळतो काय? कण्याच्या तळाशीं मज्जातंतूंचा जो झुबका असतो तो अचानक दाबला गेला, तर हीं लक्षणें उमटतात, आणि तेव्हां उद्यांची वाट न पाहतां त्याच दिवशीं रुग्णालय गाठावें लागतें. घरांतील वडील माणसें अशा तक्रारीला वयाचा दोष समजून गप्प बसतात, म्हणून घरच्या मंडळींनाहि हें ठाऊक असलेलें बरें.

कित्येकदां दुखणारी कंबर ही कंबर नसतेच. ‘कुठें दुखतें तें एका बोटानें दाखवा,’ असें म्हटलें कीं कोणाचें बोट जांघेकडे जातें. मग खुब्याचा सांधा फिरवून पाहिला म्हणजे चोर सांपडतो. अशा माणसाला मांडी घालून बसतां येत नाहीं, ही खूण खुर्ची-टेबलाच्या देशांतील ग्रंथांत फारशी नसते, पण आपल्या घरांत ती प्रथम ध्यानांत येते. साठीपुढील कांहीं माणसें सांगतात कीं, बसून कांहीं दुखत नाहीं, पण शंभर पावलें चाललें कीं पाय जड होतात, मुंग्या येतात. खालीं बसलें किंवा पुढें वाकून कठड्यावर टेकलें कीं पुन्हां चालतां येतें. त्यांच्या कण्यांतील मज्जातंतूंची वाट अरुंद झालेली असते. नुसतें उभें राहिल्यानें जर आराम पडत असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात. आणि कमरेच्या कोणत्याहि हालचालीनें जें दुखणें कमीहि होत नाहीं व वाढतहि नाहीं, तें मूत्रपिंडाचें किंवा पोटांतील दुसऱ्या एखाद्या अवयवाचें असण्याचा विचार मनांत आणावा लागतो.

इतकें करूनहि शंभरांतील सुमारें नव्वद रोग्यांच्या बाबतींत एका विशिष्ट जागेवर बोट ठेवून ‘दोष येथेंच आहे’ असें खात्रीनें म्हणतां येत नाहीं. हें ऐकून रोगी नाराज होतो. कारण सांपडलें नाहीं ह्याचा अर्थ तो असा घेतो कीं, आपलें दुखणें खोटें ठरवलें. आणि खेदाची गोष्ट ही कीं, कांहीं डॉक्टरहि तसाच अर्थ घेतात. ग्लासगोचे शस्त्रवैद्य गॉर्डन वॉडेल ह्यांनीं १९८० सालीं कांहीं चाचण्या प्रसिद्ध केल्या. उदाहरणार्थ, उभ्या असलेल्या रोग्याचें डोकें वरून हलकेच दाबलें असतां कंबर दुखते असें तो म्हणतो काय, हें पाहणें. अशा खुणा पुष्कळ आढळल्या तर केवळ कण्याकडे न पाहतां रोग्याच्या मनःस्थितीचीहि चौकशी करावी, असा त्यांचा आशय होता. परंतु विमा कंपन्यांच्या आणि कोर्टकज्ज्यांच्या व्यवहारांत त्यांचा उपयोग रोगी ढोंग करतो हें सिद्ध करण्याकडे होऊं लागला, आणि खुद्द वॉडेल ह्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना १९९८ सालीं तो गैरसमज खोडून काढावा लागला. ज्याला वेदना होते त्याला ती होतेच. दीर्घकाळ चालू राहिलेल्या दुखण्यांत वेदना वाहून नेणारी सारी यंत्रणाच हळवी होऊन बसते. एकदां चोरी झालेल्या घरांत रात्रीं पान हाललें तरी सारे जागे होतात, तसा हा प्रकार आहे.

म्हणून पारखीचा उरलेला भाग कमरेचा नसून माणसाचा असतो. झोंप लागते काय? मन उदास असतें काय? कामावर वरिष्ठांचें वागणें कसें आहे? घरांत अलीकडे कांहीं दुःख घडलें काय? आणि सर्वांत मोलाचा प्रश्न: ‘तुमच्या पाठीला काय झालें आहे असें तुम्हांला स्वतःला वाटतें?’ ह्याच्या उत्तरांत पुष्कळदां सारें रहस्य असतें. कोणाला वाटत असतें, आणखी एकदां वाकलों तर कणा तुटेल. कोणाचे वडील अशाच दुखण्यानें अंथरुणाला खिळले होते. ही भीति जोंवर बोलून दाखवली जात नाहीं, तोंवर सांगितलेला व्यायाम कागदावरच राहतो.

हें सर्व मापांत धरण्यासाठीं प्रश्नपत्रिका तयार झालेल्या आहेत. रोलंड व मॉरिस ह्यांच्या १९८३ सालच्या पत्रिकेंत चोवीस वाक्यें असून त्यांपैकीं आज आपल्याला लागू पडणाऱ्या वाक्यांवर रोग्यानें खूण करावयाची असते. इंग्लंडांतील ऑस्वेस्ट्री ह्या गांवाच्या नांवानें १९८० पासून चालत आलेली दुसरी पत्रिका बसणें, उभें राहणें, निजणें, वजन उचलणें अशा दहा बाबी विचारते. कील विद्यापीठांत तयार झालेल्या पत्रिकेंत तर नऊच प्रश्न आहेत. पण त्यांत भीति, चिंता आणि नाउमेद ह्यांचा स्पष्ट समावेश आहे, आणि त्यावरून कोणाला थोड्या मार्गदर्शनावर सोडावें व कोणाकडे अधिक लक्ष पुरवावें हें ठरवतां येतें. हीं साधनें चांगलीं आहेत. मात्र त्यांचा जन्म जेथें झाला तेथें माणसें खुर्चीवर बसतात व पलंगावर निजतात. आपल्याकडे जमिनीवर पंगतीला बसणें, उकिडवें बसून भाजी चिरणें किंवा फरशी पुसणें, देशी शौचकूपावर बसून उठणें, पाण्याची कळशी उचलणें, देवापुढें साष्टांग नमस्कार घालणें, ह्यांवरून रोग्याची खरी अडचण कळते. छापील कागद भरून घेतल्यावर हे चार प्रश्न तोंडीं विचारल्यावांचून डॉक्टरानें उठूं नये.

शेवटीं रोग्याला काय सांगितलें जातें, हाहि पारखीचाच भाग आहे. ‘कांहीं नाहीं झालें तुम्हांला’ हें वाक्य ‘कणा झिजला’ इतकेंच वाईट. त्याऐवजीं कशाकशाची शंका घेतली होती, ती कोणत्या तपासणीनें दूर झाली, चित्रांतील खुणा वयाच्या कशा आहेत, आणि दुखलें तरी हालचालीनें इजा होत नाहीं, हें स्वच्छ सांगावें लागतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ च्या डिसेंबरांत जुनाट कंबरदुखीविषयीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत व्यायाम आणि रोग्याला नीट समजावून देणें ह्यांना स्थान आहे. कमरेचे पट्टे आणि वजनें लावून कणा ताणणें हे उपाय सरसकट करूं नयेत असें त्यांत सांगितलें आहे. हें ऐकतांना अनेकांची दृष्टि कपाटांतील पट्ट्याकडे जाईल.

सहा आठवड्यांनीं रोगी पुन्हां येतो, तेव्हां नवीं चित्रें काढण्याचें सहसा कारण पडत नाहीं. पहिल्या दिवशीं भरलेली तीच पत्रिका पुन्हां भरून घेतात. तेव्हां चौदा वाक्यांवर खूण होती, आतां नवांवर आहे. दुखणें अजून आहे, पण तो पंगतीला बसून जेवूं लागला आहे, ती पुन्हां वर्गांत उभी राहून शिकवूं लागली आहे. असें असेल तर वाट बरोबर आहे. पण मध्यंतरीं वजन उतरलें असेल, कणकण येऊं लागली असेल, पायाचा अंगठा उचलेनासा झाला असेल, तर पहिलें निदान कितीहि विचारपूर्वक केलेलें असलें तरी तें बाजूस ठेवून हकीगत पुन्हां पहिल्या प्रश्नापासून विचारावी लागते.